हायड्रोलिक टॉप लिंक आपोआप सरकते? सील किट उघडण्याआधी एवढं तपासा

टॉप लिंक म्हणजे औजाराचं वरचं टोक ट्रॅक्टरला धरून ठेवणारा दांडा; हायड्रोलिक असेल तर तो तेलावर लांब-आखूड होणारा सिलिंडर असतो. तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "टॉप लिंक राहत नाही." सकाळी रोटाव्हेटर सरळ लावलेला असतो आणि चार ओळी होईपर्यंत त्याची मागची बाजू खाली आलेली असते. लिव्हर ओढून सरळ करायचं, पुढच्या बांधाला पुन्हा तेच. मेकॅनिक येतो, रॉडकडे बघतो आणि म्हणतो, "मालक, सील गेलंय." सील किट बदललं जातं, काही दिवस बरं वाटतं, आणि तक्रार परत येते.

कासेगावच्या द्राक्षबागेत किंवा सांगोल्याच्या डाळिंबात या सरकण्याचं नुकसान थेट पिकाला बसतं. ओळीच्या टोकाला औजार उचलून वळताना मागची बाजू लोंबत असेल तर ठिबकची लॅटरल अडकते आणि ओढली जाते. ओळीत चालताना मोगड्याचे फण ठरवल्यापेक्षा खोल गेले तर वेलीची पांढरी मुळी तुटते. म्हणून "चालतंय तसं चालू द्या" हे मला या बाबतीत पटत नाही. पण सील किटवर पैसे घालत बसणंही पटत नाही, कारण बऱ्याचदा दोष सिलिंडरच्या आत नसतोच. टॉप लिंक कुठल्या दिशेला आणि कुठला भार असताना सरकते, हे नीट बघितलं तर पाना हातात घेण्याआधीच निम्मा निकाल लागतो.

पुढच्या तपासण्या करण्याआधी सुरक्षेचं. पीटीओ (औजार फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट) बंद. कुठलाही नट ढिला करण्याआधी औजार जमिनीवर पूर्ण टेकलेलं आणि इंजिन बंद. इंजिन बंद करून डीसीव्हीचा, म्हणजे टॉप लिंकला तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, लिव्हर दोन्हीकडे हलवला की नळ्यांमधला दाब उतरतो. पण सिलिंडरवर लॉक व्हॉल्व्ह (तेल आतच अडवून धरणारा) असेल तर सिलिंडरमधला दाब तसाच राहतो, कारण तो व्हॉल्व्ह पंपाचा दाब आल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे लिव्हर कितीही हलवला तरी औजार टेकवून टॉप लिंकवरचा भार काढल्याशिवाय नट सोडायचा नाही. आणि गळती शोधायला नळीवरून हात फिरवायचा नाही. बारीक भोकातून दाबाने येणारं तेल कातडीतून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची आणीबाणी असते, तासाभराचाही उशीर हाताला महागात पडू शकतो. पुठ्ठा धरून बघायचं. कधी तेल शिरलंच, तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठायचा आणि "हायड्रोलिकचं तेल दाबाने आत गेलंय" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

सरकते ती टॉप लिंकच आहे का?

औजार खाली आलं की लोक टॉप लिंकला दोष देतात. पण लिफ्टचे खालचे दोन हात हळूहळू उतरत असतील तरी औजार खालीच येतं. तो लिफ्टच्या सिलिंडरचा किंवा कंट्रोल व्हॉल्व्हचा प्रश्न, टॉप लिंकशी त्याचा संबंध नाही. फरक ओळखायला टेप पुरे. औजार जमिनीपासून वीतभर वर उचला, इंजिन बंद करा आणि टॉप लिंकचा रॉड नळकांड्याबाहेर किती आहे ते मोजून लिहून ठेवा. रॉडवर खूण करायला खिळा, पाना काही वापरू नका, क्रोमवर ओरखडा नको. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. आकडा तोच असेल आणि औजार खाली आलं असेल, तर लिफ्ट बघा. आकडा बदलला असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे. मोजताना औजाराखाली पाय घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट पिनांची. कॅटेगरी १ च्या (कॅटेगरी म्हणजे जोडणीचं माप) औजाराला वरची पिन १९ मिमीची आणि खालच्या दोन २२ मिमीच्या लागतात. छोट्या ट्रॅक्टरपैकी काहींना कॅटेगरी ० असते, तिथे तिन्ही १६ मिमीच्या. मोठ्या भोकात लहान पिन घालून काम भागवलेलं असतं, किंवा बॉलच झिजलेला असतो. मग औजार वर-खाली करताना टॉप लिंक दोन्ही टोकांना मिळून सेंटीमीटरभर खेळते आणि बघणाऱ्याला वाटतं की सिलिंडर सरकला. औजार टेकवून टॉप लिंक हाताने पुढे-मागे हलवून बघा. खडखड आली तर आधी पिना आणि बुश.

तिसरी गोष्ट हवा. नवीन टॉप लिंक बसवल्यावर किंवा नळी बदलल्यावर आत हवा राहते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे भार आला की रॉड एकदम थोडा हलतो आणि भार गेला की परत येतो. गळतीचं सरकणं असं नसतं, ते हळू आणि एकाच दिशेला होतं आणि परत येत नाही. औजार उसळत असेल तर हवा, रांगत असेल तर गळती. हवा काढायला टॉप लिंक औजारापासून सोडवून, भार नसताना, पूर्ण उघडून पूर्ण बंद करायची. आवाज आणि हिसके थांबेपर्यंत हे करत राहायचं. त्यानंतर ट्रॅक्टरची तेलाची पातळी पुन्हा बघायची, कारण नव्या सिलिंडरने आणि नळ्यांनी थोडं तेल घेतलेलं असतं. पातळी कमी राहिली तर पंप पुन्हा हवा ओढतो आणि तेलावर फेस येतो.

दिशा बघा

सगळ्यात कामाची माहिती इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

औजार उचलून धरलं की त्याचं वजन खालच्या दोन पिनांभोवती मागे झुकतं आणि टॉप लिंक ओढली जाते. या वेळी सरकली तर ती लांब होते. उलट मोगडा किंवा बॉक्स ब्लेड जमिनीत चालत असताना माती औजाराचं खालचं टोक मागे रेटते, वरचं टोक पुढे येतं आणि टॉप लिंक दाबली जाते. या वेळी सरकली तर ती आखूड होते. मोगड्याची टॉप लिंक आखूड झाली की फण आणखी खाली तोंड करतात, जास्त खोल जातात, ओढ वाढते, दाब वाढतो आणि ती आणखी आखूड होते. मंगळवेढ्याकडच्या भारी काळ्या रानात ओल असताना हे फार लवकर होतं, बघता बघता ट्रॅक्टर बसायला लागतो.

आता सिलिंडरचा हिशेब. समजा ५० मिमी बोअर (नळकांड्याचा आतला व्यास) आणि २५ मिमी रॉड आहे. पिस्टनच्या पूर्ण बाजूचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटीमीटर येतं. रॉडच्या बाजूला रॉडने जागा व्यापलेली, म्हणून तिथे १४.७ उरतं. फरक ४.९ चा, म्हणजे रॉडच्याच जाडीचा. सगळं या फरकात आहे.

पिस्टनचं सील पूर्ण गेलंय, पण सिलिंडरची दोन्ही तोंडं पक्की बंद आहेत असं धरा. टॉप लिंक दाबली जात असेल तर रॉड आत जायला बघतो. पण रॉड आत जायचा म्हणजे त्याच्या आकारमानाएवढं तेल सिलिंडरबाहेर जायला हवं. तोंडं बंद, तेल जाणार कुठे? सील गेलेलं असूनही रॉड आत जात नाही. एवढंच होतं की आतला दाब वाढतो. ५०० किलोचा भार चांगल्या सिलिंडरमध्ये चौरस सेंटीमीटरला साधारण २५ किलो दाब करतो, सील गेलेल्यात तो सगळा भार रॉडच्या ४.९ वर येऊन दाब १०० च्या वर जातो. नळ्यांना ते चांगलं नाही, पण टॉप लिंक जागची हलत नाही.

ओढ असेल तर मात्र गोष्ट वेगळी. रॉड बाहेर येताना रॉडच्या बाजूचं तेल सीलवरून पलीकडे जातं, तिथे जागा जास्त असल्याने थोडी पोकळी राहते, आणि रॉड बाहेर येत राहतो.

याचा अर्थ सरळ आहे. टॉप लिंक कामात असताना, दाबाखाली, आखूड होत असेल तर तेल सिलिंडरच्या बाहेर पडतंय. बाहेर थेंब दिसत नसतील तर ते डीसीव्हीतून टाकीत जातंय. एकट्या सीलने असं होत नाही, सील किट उघडण्यात वेळ आणि पैसा घालवू नका. उचललेल्या औजाराने ती लांब होत असेल तर मात्र सील आणि डीसीव्ही, दोघांवरही संशय घ्यावा लागतो.

दोघांपैकी कोण, हे कपलर सांगतो

टॉप लिंकच्या नळ्या क्विक कपलरने जोडलेल्या असतील तर ही तपासणी बिनपान्याची आहे. कपलर सुटला की त्याच्या तोंडातली गोळी बसून तोंड बंद होतं. म्हणजे नळ्या सोडल्या की सिलिंडरची दोन्ही तोंडं आपोआप पक्की बंद झाली.

औजार टेकवा, इंजिन बंद, लिव्हर दोन्हीकडे हलवून नळ्यांतला दाब उतरवा आणि दोन्ही कपलर सोडा. त्यांच्या तोंडावर टोपणं लावा, धूळ नको. आता ट्रॅक्टर सुरू करून लिफ्टने औजार वीतभर उचला. लिफ्टचा आणि टॉप लिंकचा मार्ग वेगळा असल्याने लिफ्ट चालेल. इंजिन बंद करून रॉड मोजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

नळ्या सोडल्यावरही रॉड बाहेर येत राहिला आणि कपलरच्या टोकाला तेल आलेलं नाही, तर पिस्टनचं सील गेलंय. मेकॅनिक बरोबर होता, सिलिंडर उघडा. नळ्या सोडल्यावर रॉड जागच्या जागी राहिला, तर सिलिंडर चांगला आहे आणि तेल डीसीव्हीतून जात होतं. लॉक व्हॉल्व्ह बसवलेला असूनही नळ्या सोडल्यावरच रॉड थांबला, तर लॉक व्हॉल्व्ह आपलं काम करत नाही.

कपलर नसून नळ्या थेट कसलेल्या असतील तर सिलिंडरच्या तोंडांना त्याच आट्याचे, दाब सोसणारे डमी प्लग लावून हेच करता येतं. प्लॅस्टिकची बुचं चालणार नाहीत.

डीसीव्हीतून तेल जाणं हा बिघाड नसूही शकतो

डीसीव्हीमध्ये लोखंडाच्या घरात लोखंडाचा स्पूल सरकतो. तो सरकायला बारीक फट लागते आणि त्या फटीतून थोडं तेल जातंच. ट्रॉली उचलताना ते जाणवत नाही, टॉप लिंकला जाणवतं. वरच्या हिशेबातल्याच सिलिंडरमध्ये रॉड एक सेंटीमीटर बाहेर यायला रॉडच्या बाजूचं फक्त १४.७ सीसी तेल जावं लागतं. मिनिटाला ५ सीसी गेलं तर दहा मिनिटांत रॉड जवळपास साडेतीन सेंटीमीटर बाहेर. नवाकोरा डीसीव्ही असला तरी भारी औजार टांगून ठेवल्यावर टॉप लिंक थोडी सरकणार, हे गृहीत धरूनच जोडणी करायला हवी.

तेल गरम झालं की हे वाढतं. ४६ नंबरचं तेल ४० अंशांवर ४६ सेंटीस्टोक दाट असतं आणि १०० अंशांवर ७ च्या आसपास. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे हवाच चाळिशीच्या वर जाते, खरड छाटणीनंतरची मशागत त्याच दिवसांत चालते आणि रोटाव्हेटर चालवून ट्रॅक्टरचं तेल आणखी तापतं. "सकाळी ठीक असते, दुपारी सरकते" असं कुणी सांगितलं की माझं बोट आधी स्पूलकडे जातं. मात्र दाट तेल घालून यावर उपाय करू नका. छोट्या ट्रॅक्टरमध्ये बऱ्याचदा गिअरबॉक्स आणि हायड्रोलिक एकाच तेलावर चालतात, त्यामुळे पुस्तिकेत सांगितलेलंच तेल हवं. वेगळी तेलं मिसळू नका.

खरा उपाय म्हणजे लॉक व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंचा, म्हणजे ज्याला दुकानात डबल लॉक व्हॉल्व्ह किंवा पायलट चेक व्हॉल्व्ह म्हणतात. यात फटीऐवजी गोळी किंवा कोन बैठकीवर घट्ट बसतो आणि तेल अडवतो. लिव्हर ओढल्यावर पंपाचा दाब येतो तेव्हाच तो उघडतो. तो सिलिंडरवरच बसलेला हवा. काही ठिकाणी सोय म्हणून तो डीसीव्हीजवळ बसवतात. मग मधल्या नळ्या फुगतात आणि टॉप लिंक लवचिक वाटते, आणि मुख्य म्हणजे नळी फुटली तर औजार मागे कलंडतं. सिलिंडरवर असेल तर नळी फुटली तरी टॉप लिंक जागेवर राहते. व्हॉल्व्हवर व्ही आणि सी अशा खुणा असतात: व्ही डीसीव्हीकडे, सी सिलिंडरकडे. उलटा बसला तर टॉप लिंक हलतच नाही, त्यामुळे ही चूक लपत नाही.

लॉक व्हॉल्व्ह आहे, तरीही सरकते

याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे टेफ्लॉन टेप. नळकामाची सवय असलेला माणूस हायड्रोलिकच्या आट्यावरही पांढरी टेप गुंडाळतो. कसताना तिचा एक धागा तुटून आत जातो, तेलाबरोबर वाहत लॉक व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकतो, आणि गोळी पूर्ण बसत नाही. केसाएवढी फट पुरेशी असते. आपल्याकडचे सिलिंडर बहुतेक बीएसपी आट्याचे असतात. त्यांच्या सरळ आट्याला डॉवटी वॉशर लागतो, म्हणजे लोखंडी कडी आणि आत रबराची ओठी. तेल तो वॉशर अडवतो, आटा नाही. टेपची गरजच नाही. तेल झिरपत असेल तर वॉशर बदला, आणि आटा खरंच बीएसपी आहे का ते बघा. पाव इंची बीएसपीला इंचात १९ आटे असतात, पाव इंची एनपीटीला १८. एक दुसऱ्यात घातला तर हाताने दोन-तीन फेरे जातात, मग अडतं, आणि मग पान्याने जोर लावला की आटा फाटतो. जपानी बनावटीच्या ट्रॅक्टरवर वेगळे आटे निघू शकतात. तिथे अंदाजाने कसू नका, पिच गेज (आटे मोजायची पट्टी) लावा किंवा जुनी फिटिंग घेऊन दुकानात जा.

लॉक व्हॉल्व्ह साफ करायला त्याची काडतुसासारखी पुडी बाहेर काढतात, स्वच्छ डिझेलमध्ये धुतात आणि बैठक भिंगाखाली बघतात. घाण निघाली आणि बैठकीवर ओरखडा नाही तर तोच व्हॉल्व्ह पुन्हा चालतो. हे काम शेडमध्ये, स्वच्छ ताटात करा. वारं सुटलेलं असताना रानात उघडलेला व्हॉल्व्ह पहिल्यापेक्षा जास्त गळतो.

दुसरं कारण थोडं आतलं आहे. लॉक व्हॉल्व्ह बंद व्हायला डीसीव्हीकडच्या बाजूचा दाब उतरावा लागतो. साधा स्पूल न्यूट्रलमध्ये दोन्ही तोंडं बंद करून टाकतो, मग तो दाब काही वेळ अडकून राहतो आणि लिव्हर सोडल्यावर टॉप लिंक आणखी थोडी सरकून थांबते. न्यूट्रलमध्ये दोन्ही तोंडं टाकीला उघडणारा स्पूल मिळतो, त्याला मोटर स्पूल म्हणतात. लॉक व्हॉल्व्हबरोबर तो उत्तम चालतो. पण लॉक व्हॉल्व्ह नसताना असा स्पूल बसवला तर टॉप लिंक अजिबातच थांबणार नाही. जुन्या भंगारातून डीसीव्ही घेताना हा घोटाळा होतो. विकणाऱ्याला स्पूल कुठला आहे ते विचारा.

लिफ्ट उचलली की टॉप लिंक हलते

ही वेगळी तक्रार आहे, आणि तिचं मूळ जोडणीत असतं. बाहेरून डीसीव्ही लावताना पंपाचं तेल आधी डीसीव्हीत आणि तिथून पुढे लिफ्टला जातं. पुढे तेल द्यायला डीसीव्हीला वेगळा पॉवर बियाँड पोर्ट हवा. तो नसताना टाकीच्या तोंडातूनच लिफ्टला नळी नेली, तर लिफ्ट उचलताना सगळा दाब डीसीव्हीच्या परतीच्या बाजूला येतो आणि तिथून टॉप लिंककडेही पोहोचतो. ती बाजू दाबासाठी केलेलीच नसते. तिथलं सील फुटतं, कधी घरालाच तडा जातो. टॉप लिंकच्या नळ्या सोडून तुमच्या डीसीव्हीला तीन नळ्या आहेत की दोनच, ते बघा: पंपाकडून येणारी, लिफ्टकडे जाणारी आणि टाकीत परतणारी. परतीची वेगळी नळी नसेल तर जोडणी चुकलेली आहे आणि ट्रॅक्टर तसा चालवू नका.

याच जोडीची आणखी एक गोष्ट. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरना कंपनीकडून एकच बाहेरचं तोंड येतं, ट्रॉली उचलण्यासाठी. तेल जाणार, आणि ट्रॉलीच्या वजनाने त्याच तोंडातून परत येणार. त्यावर दोन नळ्यांची टॉप लिंक चालत नाही, कारण दुसऱ्या बाजूच्या तेलाला जायला वाटच नसते. दोन्ही बाजूंचा डीसीव्ही घ्यावाच लागतो. दुसरं तोंड बंद करून किंवा हवेला उघडं ठेवून चालवलेली टॉप लिंक मी बघितली आहे, आणि तिच्या आत पाणी आणि गंज होता.

सीलच गेलं असेल तर

मग ते का गेलं ते बघितल्याशिवाय नवीन घालू नका. रॉडवरून नखाने चाचपा. बोर्डोच्या फवारणीत मोरचूद असतं आणि मोरचूद लोखंडाला खातं. क्रोमला जिथे बारीक चीर असते तिथून गंज धरतो, मग तोच खडबडीत भाग आत-बाहेर करताना तोंडाचं सील कातरतो. हे सील गेलं की तेल बाहेर दिसतं, पिस्टनचं गेलं की दिसत नाही, दोन्हींत गल्लत करू नका. फवारणीनंतर टॉप लिंक पाण्याने धुऊन पूर्ण बंद करून ठेवली तर क्रोम आत सुरक्षित राहतं. तेवढं एक केलं तरी सीलचं आयुष्य वाढतं.

रॉड वाकलेला असेल तर कोणतंही सील टिकणार नाही. वाकायचं कारण बहुधा खालच्या हातांच्या साखळ्या ढिल्या असणं. औजार बाजूला झोकांडतं आणि टॉप लिंकवर आडवा जोर येतो. दोन्ही टोकांना फिरणारा बॉल असलेलीच टॉप लिंक घ्या, एका टोकाला नुसतं भोक असलेली स्वस्त मिळते, ती नको. रॉड लेथवर फिरवून सरळ आहे का बघून घ्या, आणि नळकांड्याच्या आत रेघ असेल तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) केल्याशिवाय सील घालू नका.

लांबी, नळ्या, वेग

जुन्या हाताच्या टॉप लिंकवर तुमची औजारं किती लांबीला चालतात ते पिन ते पिन मोजा. समजा ५० ते ५८ सेंटीमीटर. तर हायड्रोलिक टॉप लिंक बंद असताना ५० पेक्षा कमी आणि उघडल्यावर ५८ पेक्षा जास्त भरली पाहिजे. छोट्या ट्रॅक्टरवर अडचण बंद लांबीची येते, कारण सिलिंडरला स्ट्रोकएवढी (रॉड जेवढा आत-बाहेर होतो तेवढी) जागा आणि वर टोकांची लांबी लागतेच. मोठ्या ट्रॅक्टरचा सिलिंडर आणून बसवला की रोटाव्हेटर सरळच होत नाही.

बसवल्यावर इंजिन अगदी कमी वेगावर, पीटीओ बंद ठेवून, लिफ्ट पूर्ण वर आणि पूर्ण खाली करा, टॉप लिंक उघडी असताना आणि बंद असताना. नळी सीटच्या कडेला घासते का, लॉक व्हॉल्व्ह कुठे आदळतो का, पीटीओच्या शाफ्टजवळ काही लोंबतं का, हे एकदा डोळ्यांनी बघा. औजार वर असताना टॉप लिंकची लांबी फार बदलली तर पीटीओचा क्रॉस फार वाकू शकतो. फिरत्या पीटीओवर तसं केलं की तो खडखडायला लागतो आणि तुटतोही.

वेगाचं म्हणाल तर मिनिटाला २० लिटर देणारा पंप सेकंदाला ३३३ सीसी देतो, आणि १५ सेंटीमीटर स्ट्रोकच्या आपल्या सिलिंडरला पूर्ण उघडायला २९४ सीसी लागतं. एका सेकंदाच्या आत खेळ खलास. एवढ्या झटक्याने बारीक जुळणी होत नाही. म्हणून रॉडच्या बाजूच्या नळीत रिस्ट्रिक्टर (तेलाची वाट अरुंद करणारा तुकडा) घाला, मिलिमीटरच्या आसपास भोकाचा. उचललेल्या औजाराची टॉप लिंक लांब करताना लॉक व्हॉल्व्ह टकटक करत हिसके देत असेल तर तेही यानेच कमी होतं, कारण वजनाने ओढला जाणारा रॉड पंपाच्या पुढे धावत नाही.

उन्हात औजार सोडून ठेवल्यावर कपलर पुन्हा लागत नाही ही तक्रार उन्हाळ्यात येतेच. बंद नळीतलं तेल तापून फुगतं आणि आत दाब धरतं. हातोडी मारू नका, कपलरची गोळी बिघडते आणि मग तीच गळते. नळ्यांवर सावली करा, थंड होऊ द्या, आणि ट्रॅक्टरच्या बाजूचा दाब इंजिन बंद ठेवून लिव्हर हलवून उतरवा. सोडतानाच ही काळजी घेतली तर दुसऱ्या दिवशी अडत नाही.

दुरुस्ती झाल्यावर चाचणी सकाळी घेऊ नका. दोन तास काम करून तेल चांगलं तापल्यावर, दुपारी, तुमचं सगळ्यात भारी औजार उचलून रॉड मोजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तेव्हा आकडा हलला नाही तर लॉक व्हॉल्व्ह धरतोय. हलला, तर कपलर सोडून हीच मोजणी पुन्हा करा आणि दोन्ही आकडे मेकॅनिकला दाखवा.